पूजा वरच्या टोकाला

मुख्य अभियंता झाले तेव्हा आभाळाकडे बघायची सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. शहराचे पावसाळी नाले माझ्याकडे होते. बंगळुरूत त्यांना राजकालुवे म्हणतात. नाव राजेशाही, अवस्था विचारू नका. दुपारी ढग जमायला लागले, की बैठकीत समोरचा काय बोलतोय ते मला ऐकू यायचं नाही. पडद्यावर कुणीतरी रंगीत नकाशे दाखवत असायचं आणि माझे डोळे खिडकीत. नवरा संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला, स्वभावाने थंड. तो म्हणायचा, "पाऊस आला की लोक भजी तळतात, तू माणसं तळायला घेतेस." खरंच होतं ते. माझ्या हाताखालच्या लोकांनी माझा फोन पावसात उचलायला धाडस लागतं असं आपसात ठरवून टाकलं होतं.

एवढ्या मोठ्या जागेवर बसलेल्या माणसाने कामाच्या जागी जायचं नसतं, असा एक अलिखित नियम आहे. खालचे अहवाल देतात, आपण मान हलवायची. मला ते जमलं नाही. नकाशावर निळ्या रेघेने वाहणारं पाणी प्रत्यक्षात कुणाच्या न्हाणीघरातून वर येतं, ते बघितल्याशिवाय माझी सही व्हायची नाही. अशीच उन्हाळ्यात एकदा के. आर. पुरमच्या पलीकडच्या एका गल्लीत गेले. बरोबर त्या भागाचा कार्यकारी अभियंता होता. हुशार माणूस, पण प्रत्येक गोष्टीला "सरी मॅडम", म्हणजे बरं मॅडम, म्हणायचा आणि मग त्याला जे करायचं तेच करायचा.

गल्ली उतारावर. वर मोठा रस्ता, खाली तळं. घरांच्या मागून एक जुना, बुजत आलेला नाला जातो. रस्त्याचं पाणी त्या नाल्यातून तळ्यात जावं अशी अपेक्षा, पण ते जायचं गल्लीतल्या घरांतून. नाला रुंद करून काँक्रीटचा बांधायचं काम मंजूर होऊन माझ्याकडे आलं होतं. मी तिथे उभी राहून नवऱ्याशी फोनवर मराठीत बोलत होते, जेवायला उशीर होईल एवढंच. तेवढ्यात शेजारच्या दारातून आवाज आला, "अगं बाई, मॅडम आमच्यातल्याच की!"

निपाणीकडची बाई. सत्तरीची असावी. गल्लीत सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायला लागले. तिने मला हाताला धरून घरात नेलं. आपलं माणूस मोठ्या खुर्चीवर आहे याचा तिला जो आनंद झाला, त्याने मला जरा धडकीच भरली. परक्या माणसाला फक्त उत्तर द्यावं लागतं. आपल्या माणसाला काम करून दाखवावं लागतं.

तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. तिचा नवरा, अण्णा, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. सगळी नोकरी त्या घरात घातलेली. आता अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती. खाट विटांच्या थरांवर इतकी उंच चढवलेली, की अण्णा माळ्यावर ठेवल्यासारखे दिसत होते. पाणी आलं की गादी भिजू नये म्हणून ही सोय. त्यांना खाली उतरवायला शेजारची दोन माणसं लागत.

"पोरगी पुण्यात असत्या," अक्का म्हणाली. "तिनं घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय. इका म्हणती आन माझ्याकडं या. मी म्हटलं, यंदाचा एक पावसाळा बघतो. पाणी आत आलं की संपलं. इकायचं आन जायाचं. शब्द दिलाय तिला."

"पुणं आवडत नाही?"

"पुण्याला काय झालंय? पर तिथली भाषा आमचीच असून मला परकी वाटती बघा. हितं भाजीवालीसंगं मी कन्नड बोलतो, ती मराठी बोलती, दोघींचं चाललंय. आन हे," तिने खाटेकडे मान केली, "ह्यांना हितली खिडकी पायजे. जाणारी येणारी सगळी वळखीची."

मी म्हणाले, "यंदा पाणी नाही येणार, अक्का."

अधिकाऱ्याने असं वाक्य कधी बोलू नये. "प्रयत्न करू" म्हणावं, "लक्ष घालतो" म्हणावं. पण मंजुरी हातात होती, कंत्राटदार नेमलेला होता, पावसाळ्याला बराच अवकाश होता. मनापासून बोलले होते मी. गाडीत बसल्यावर कार्यकारी अभियंता हळूच म्हणाला, "मॅडम, अजून गुद्दली पूजा व्हायची आहे."

गुद्दली म्हणजे कुदळ. आमच्याकडे रस्ता असो, नाला असो, शाळेचं कुंपण असो, लोकप्रतिनिधींच्या हातून गुद्दली पूजा झाल्याशिवाय एक टोपली माती हलत नाही. कायद्यात हे कुठेही लिहिलेलं नाही. कायद्यात लिहिलेलं सगळं टाळता येतं, हे टाळता येत नाही. त्या भागाच्या आमदार साहेबांची पहिली तारीख मिळाली ती त्यांच्या घरच्या लग्नात गेली. दुसरी मिळाली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की ती वेळ राहुकाळात येते. मग ते दौऱ्यावर गेले. मग आषाढ लागला, आणि आषाढात कुणी शुभकार्य करत नाही. मी कॅलेंडर बघून दातओठ खात होते. बंगळुरूचा मोठा पाऊस श्रावण सरल्यावर येतो, एवढाच काय तो आधार. शहरात दुसरीकडे पाऊस पडला की मी तिथल्या अभियंत्याला झापायचे, आणि मनात मात्र ती विटांवरची खाट असायची. नवरा म्हणाला, "तुझ्या खात्यात वरुणराजालाही साहेबांची तारीख घ्यायला सांग." मी त्याच्यावरही खेकसले.

श्रावणात एकदाची पूजा ठरली. मी पोचले तर मांडव वर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. मी कार्यकारी अभियंत्याला बाजूला घेतलं. "काम खाली सुरू करायचंय, तळ्याच्या टोकाला. पूजा इथे कशी?"

"मॅडम, खाली गाड्या जात नाहीत. वळायला जागा नाही, चिखल आहे. पूजेपुरतं वर. स्वल्प ॲडजस्ट माडी."

स्वल्प ॲडजस्ट करा. या शहराचा सगळा कारभार या शब्दांवर चालतो. मीही केलं. साहेब आले, त्यांना पेटा, म्हणजे म्हैसुरी फेटा, घातला, शाल घातली. माती उकरणाऱ्या यंत्राला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. साहेबांनी हळदकुंकू लावलेली कुदळ जमिनीवर मारली, नारळ फुटला, यंत्राने शास्त्रापुरते दोन घास माती उचलली, फोटो निघाले. सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. झालं एकदाचं, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे काही दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला एक भिंत खचली आणि मी त्यात अडकले. मग एका आढावा बैठकीत सहज विचारलं, "तळ्याच्या टोकाचं काम कुठवर आलं?"

कार्यकारी अभियंता नकाशाकडे बघत म्हणाला, "काम वर सुरू आहे, मॅडम. पूजा झाली तिथे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. नाला नेहमी खालून वर बांधत आणतात. घर धुताना आपण आधी मोरीचं तोंड मोकळं करतो, मग बादली ओततो. ही तेवढीच साधी गोष्ट. वरचं टोक आधी खोदलं आणि खालचं बुजलेलं ठेवलं, तर मोठ्या रस्त्याच्या पाण्याला आपण हाताला धरून गल्लीत आणून सोडतो. एरवी ते पाणी निदान चारी दिशांना पांगलं तरी असतं. आणि ही चूक कुणा अडाण्याने केली नव्हती. पदव्या घेतलेल्या, स्पर्धा परीक्षा दिलेल्या माणसांनी केली होती. कारण गुद्दली जिथे पडते तिथून काम सुरू होतं, हे त्यांना कुठल्याही पुस्तकापेक्षा पक्कं ठाऊक होतं.

मी कंत्राटदाराला बोलावलं. वरचा खड्डा बुजवा, यंत्र खाली न्या. तो नम्रपणे उभा राहिला आणि हलला नाही. "मॅडम, गुद्दली एकीकडे आणि काम दुसरीकडे, असं केलं तर माझी माणसं हात लावणार नाहीत. मागे एकदा केलं होतं, भिंत पडली."

"ती सिमेंट कमी घातल्यामुळे पडली असेल."

तो हसला नाही. "खाली करायचं तर खाली पूजा पाहिजे, मॅडम."

मी साहेबांना फोन लावला. "काय मॅडम, माझ्या हातची पूजा चालली नाही का?"

"पूजा चालली सर, जागा चुकली."

"जागा तुमच्याच लोकांनी दाखवली मला." ते बरोबरच होतं, म्हणून जास्त राग आला. "आता माझे कार्यक्रम आहेत. दसरा होऊ दे, बघू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मोठमोठ्या कामांवर माझ्या सहीने शिक्के उठत होते, आणि एक यंत्र उतारावरून खाली न्यायला मला दसऱ्यापर्यंत थांबायचं होतं. त्या दिवशी मी खोलीत येरझारा घालत होते. शिपाई चहा ठेवून दारातूनच परत गेला.

संध्याकाळपर्यंत थांबवेना. काम सोडून उठले आणि गल्लीत गेले. तिथे जाऊन काय करणार होते, मलाही ठाऊक नव्हतं. अक्काचं दार उघडंच होतं. आत गेले आणि थबकले. खाट जमिनीवर होती, विटा गायब. अण्णा खाटेच्या काठावर बसले होते आणि त्यांचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते.

"बघा की!" अक्काचा चेहरा फुलला होता. "विटा काढून टाकल्या. किती वर्षं झाली बघा, ह्यांचे पाय भुईला लागले न्हवते. आता आपले आपण बसत्यात. काल काठी धरून खिडकीपतोर गेले."

अण्णांनी डावा हात उचलून मला नमस्कार केला. त्यांचं बोलणं नीट कळत नसे, पण पायाने फरशीवर थापटून ते काहीतरी सांगत होते, आणि हसत होते.

"अक्का, विटा परत लावा," मी म्हणाले.

"का?"

"काम अजून खाली आलं नाही."

"तुम्हीच सांगितलासा नव्हं, यंदा पाणी येत न्हाई म्हणून?"

मला रडू येईल असं वाटलं. मी पूजेचं सांगितलं, वरच्या टोकाचं सांगितलं, साहेबांच्या फोनचं सांगितलं. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "म्हंजे एका नारळासाठी अडलंय?" आणि जरा थांबून, "नारळ माझ्याकडं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ढग होते. मी कार्यकारी अभियंत्याला फोन करून यंत्र खाली न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तोंडी की लेखी?" मी म्हणाले, "लेखी, माझ्या सहीचं." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. इतका वेळ त्याला फक्त तेवढंच हवं होतं. वरच्या खड्ड्याच्या तोंडाशी वाळूची पोती रचायला माणसं लावली. यंत्र कुरकुरत उतारावरून खाली आलं. चिखल होता, पण फसलं नाही.

कंत्राटदार माणसं घेऊन बाजूला उभा. अक्का तांब्या, हळदकुंकू, उदबत्ती, नारळ घेऊन आली. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. "गुद्दली कोण मारणार?" कंत्राटदाराने विचारलं. त्याला कुणीतरी मोठं माणूस हवं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता. मी कुदळ उचलली, तोवर अक्काने हात पुढे केला. "द्या हिकडं. घर माझं हाय."

तिने पदर खोचला आणि कुदळ मारली. पहिल्यांदा निसटली, दुसऱ्यांदा रुतली. नारळ फुटला. कंत्राटदाराने डोळे मिटून हात जोडले, आणि ते नाटक नव्हतं. मला त्याची थट्टा करायची होती, पण खरं सांगायचं तर नारळ फुटल्यावर माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. यंत्राने पहिला घास घेतला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी फोटो काढले. हल्ली काढतातच.

ते फोटो साहेबांपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. नऊवारी नाही, पेटा नाही, खोचलेल्या पदराची म्हातारी कुदळ मारतेय आणि मुख्य अभियंता शेजारी उभी. त्यांचं नाव फोटोत कुठेच नव्हतं. मी रोज त्या कामावर एक चक्कर टाकत होते. तळ्यापासून भिंती वर येत होत्या, अक्काच्या घरामागून पुढेही थोड्या गेल्या. आणि मग माझी बदली झाली. शहराबाहेरच्या प्रशिक्षण संस्थेत, नव्या अभियंत्यांना नियोजन शिकवायला. नाल्याचं उरलेलं काम "फेरआढाव्यासाठी" थांबलं. नवऱ्याने पत्र वाचून चष्मा काढला आणि म्हणाला, "चला, आता आभाळ तुझ्याकडे नाही."

पण डोळे ऐकतात थोडेच? एका दुपारी मी वर्गात फळ्यावर उतार कसा काढायचा ते शिकवत होते, आणि खिडकीबाहेर अंधारून आलं. पूर्वेकडे, गल्लीच्या बाजूला, तर काळंच झालं होतं. मुलांना काहीतरी उदाहरण सोडवायला दिलं आणि निघाले. पाऊस कोसळायला लागला. मेट्रोत चढले, के. आर. पुरमला उतरले. रिक्षावाला म्हणाला, पुढे पाणी आहे, येत नाही. चालत निघाले. मोठ्या रस्त्यावर पाणी घोट्याच्या वर आलेलं. वरच्या टोकाची पोती होती तशीच होती, पण त्यांच्यावरूनही पाणी उतरत होतं. आपल्याकडे आता काहीही नाही, ना माणसं, ना यंत्र, ना सही, हे मला त्या पाण्यात उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं.

गल्लीत पिंढरीपर्यंत पाणी. अक्का दारात उभी होती, हातात खराटा. पाणी तिच्या पायरीला लागलेलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मागून नव्या नाल्यातून पाण्याचा मोठा आवाज येत होता, तळ्याकडे धावणारा. ते चांगलं चिन्ह होतं, पण पायरीवरचं पाणी चढतच होतं. उंबऱ्याला लागलं. अक्काने खराटा खाली धरला, जणू त्याने ते अडणार होतं. मी अण्णांच्या खाटेकडे बघितलं नाही.

पाणी उंबऱ्याला लागून तिथेच राहिलं. मग लाकडावर ओली रेघ दिसायला लागली. मग पायरीचा काठ दिसला. पाऊस ओसरत होता आणि नाला ओढत होता. अक्का एकदम मोठ्याने हसली, खराटा टाकला आणि मला मिठी मारली. भिजलेल्या, चिखलाने माखलेल्या आम्ही दोघी. "न्हाई आलं! बघितलासा? न्हाई आलं!" आतून अण्णा काहीतरी ओरडले. मला वाटलं, आयुष्यात बांधलेल्या सगळ्या नाल्यांत मी हा एकच बांधला.

तिने मला कोरडा टॉवेल दिला, चहा टाकला. चहा ओतता ओतता म्हणाली, "आता वरचं राहिलेलं तेवढं करून घ्या. पुढच्या सालाला मग बघायलाच नको."

"अक्का, मी आता तिथे नाही. माझी बदली झाली."

तिचा हात थांबला. "मग कोण हाय तिथं?"

"दुसरे एक साहेब आलेत."

"त्यांनी आमची गल्ली बघितल्या?"

"अजून नाही."

"आपल्यातलेच?"

"नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून मुलगी. टीव्हीवर बंगळुरूचा पाऊस दिसला असणार. "न्हाई गं, पाणी आलं न्हाई. व्हय, खरंच. उंबऱ्याला लागून माघारी गेलं. मॅडम हितंच हायेत." मी समोरच होते, तरी तिने आवाज खाली आणला. "ऐक. ते गिऱ्हाईक हाय नव्हं, त्याला न्हाई म्हणून सांगू नको. थांब म्हणावं. एवढ्यात काय कळवू नको."

मला तिचा राग आला. काँक्रीट आहे ते, खुर्चीत कोण बसलंय हे विचारून पाणी वाहत नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण वरचा अर्धा नाला मीच तसा सोडून आले होते. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला. माझं घर असतं तर मीही मुलीला हेच सांगितलं असतं.